अकरा दिवस झाले, पिल्लू पलंगाखालून बाहेरच येत नाही. ओढून काढू की वाट बघू?

खिडकीपाशी

नमस्कार. मांजर पाळायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

अकरा दिवसांपूर्वी एक भाटी दत्तक घेतली. वय साधारण साडेतीन महिने. राखाडी, पोट पांढरं, नाकावर काजळाचं बोट पुसल्यासारखा डाग. एका बंद पडलेल्या गोदामात जन्मली आणि तीन महिन्यांची होईपर्यंत तिथेच वाढली. मग पंधरा दिवस एका बाईंकडे पिंजऱ्यात होती. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "बुजरी आहे, वेळ लागेल." मी हो हो म्हटलं. वेळ म्हणजे माझ्या डोक्यात दोन-तीन दिवस होते.

पहिल्याच दिवशी घोळ घातला. हॉलच्या मधोमध कॅरिअर ठेवून दार उघडलं. भोवती मी, नवरा, मुलगा आणि बघायला आलेली शेजारची दोन मुलं. ती सुटली ती थेट वॉशिंग मशीनच्या मागे. मी जाड टॉवेल टाकून ओढून काढली, त्यात मनगटावर चार ओरखडे आले. मग आतल्या लहान खोलीत सोडली, तर पलंगाखाली भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ती आजतागायत तिथेच.

खाते, पण रात्री, आम्ही झोपल्यावर. रेतीचा ट्रे सकाळी वापरलेला असतो. म्हणजे पुरावे सगळे आहेत, आरोपी दिसत नाही. नवरा तिला 'भाडेकरू' म्हणतो. नाव ठेवायचं राहूनच गेलंय, कारण हाक मारायची वेळच आलेली नाही. वाकून बघितलं की फिस्कारते आणि आणखी आत सरकते.

माझी थोरली बहीण म्हणते, रोज टॉवेलमध्ये गुंडाळून अर्धा तास मांडीवर घे, आपोआप माणसाळेल. ज्यांच्याकडून आणली त्या बाई म्हणतात, हातही लावू नकोस. दोघींनी आयुष्यभर मांजरं पाळलीत. कुणाचं ऐकू? शिवाय लसीचा दुसरा डोस दहा दिवसांवर आलाय, तेव्हा तर पकडावंच लागेल.

आणि खरं सांगायचं तर मनातला प्रश्न वेगळाच आहे. तिला आमचं घर आवडलंच नसेल तर परत देणं बरं का? रात्री दोन वाजता ती खोलीभर हुंदडते, आवाज येतो. दार उघडलं की सगळं चिडीचूप. आपल्याच घरात आपणच चोर असल्यासारखं वाटतं.

आळशीबोका

आमची दीड महिना फ्रिजच्या मागे होती. आता फ्रिजच्या वर असते. धीर धरा.

मांजरमावशी

आधी शेवटचा प्रश्न घेते. परत देऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. घर आवडलं की नाही हे ठरवायला तिनं अजून बघितलंय काय? एक पलंग आणि त्याखालून दिसणारे तुमचे पाय. परत गेली तर हेच सगळं नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून.

आणि तुम्ही लिहिलंय ते वाचून मला तर बरंच वाटलं. खातेय, ट्रे वापरतेय, रात्री हुंदडतेय. म्हणजे खोली तिनं ताब्यात घेतलीय. अडलंय ते फक्त माणसांपाशी.

मी नऊ वर्षं अशी पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळते. पहिली दोन वर्षं मीही ओढूनच काढायचे, आठवलं की लाज वाटते. ओढून मांडीवर घेतलेलं पिल्लू गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं शांत झालं. ते शांत नसतं, गोठलेलं असतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, कान बाजूला पडलेले, शेपटी अंगाशी घट्ट. एक बोका माझ्या मांडीवर घुरघुरायचा म्हणून मी खूश होते. पुढे कळलं, मांजर घाबरलं असेल, दुखत असेल तरीही घुरघुरतं. तेव्हापासून आवाजावर जात नाही, कान आणि डोळे बघते.

आता करायचं काय. पलंगाखालची जागा कधीतरी बंद करायची आहे, पण ती आत असताना नाही आणि लपायला दुसरी जागा दिल्याशिवाय तर मुळीच नाही. पुठ्ठ्याचं एक खोकं घ्या, दोन बाजूंना तोंडं कापा, म्हणजे कोंडल्यासारखं होत नाही. ते आधी पलंगाखालीच, तिच्या कोपऱ्यालगत सरकवा. ती ज्या फडक्यावर बसते ते आत घाला, आणि कृपा करून धुवून घालू नका. ती खोक्यात बसायला लागली की खोकं रोज वीतभर बाहेर ओढायचं. लपायची जागा काढून घ्यायची नसते, आपल्या सोयीच्या ठिकाणी आणायची असते.

मग बसणं. वेळ ठरवा, रोज तीच, तिच्या खाण्याची. खोलीत शिरताना दणदण नको, पण चोरपावलंही नकोत. चोरपावलांनी येतो तो शिकारी. नेहमीसारखं चालत या, रोज एकच शब्द बोला आणि जमिनीवर बसा, तिच्याकडे कूस करून. वाकून आत बघायचं नाही. तुमचा चेहरा वरून वाकून आत येतो तेव्हा तिकडून कसा दिसतो, हे एकदा स्वतः पलंगाखाली झोपून बघा. मुलाला वाकायला सांगा. मी बघितलंय, दचकायला होतं.

कोरडा खाऊ थोडा खोलीत असू दे. ओला, वासाचा, तिचा लाडका खाऊ मात्र फक्त तुम्ही बसलेल्या असताना. उपाशी ठेवून वश करायचं नाहीये हं, पिल्लाच्या जिवाला ते झेपत नाही. नाही खाल्लं तर बशी तिथेच ठेवून उठायचं. तुमच्यासमोर निवांत खायला लागली की दुसऱ्या दिवशी बशी वीतभर तुमच्याकडे. दर घासाला मान वर करत असेल तर समजा जास्त पुढे आली, मागे न्या. मागे नेण्यात कमीपणा नाही.

बशीनंतर लांब दांड्याचा चमचा, चमच्यानंतर बोट. हात कधीही वरून नेऊ नका, वरून येते ती झडप. बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि थांबा. तिनं हुंगून गाल घासला तर गाल, हनुवटी दोन-तीनदा खाजवा आणि हात काढून घ्या. पोटाच्या वाटेला इतक्यात जायचं नाही. सगळ्यात अवघड काय माहितीये? तिला अजून हवं असताना थांबणं. मला जमायला चार पिल्लं लागली.

फिस्कारली तर रागावू नका. फिस्कारणं म्हणजे 'इथवरच' एवढंच ती सांगते. जी मांजर सांगते ती बरी, न सांगता ओरबाडणारी परवडत नाही.

मुलाला एक काम द्या: रोज जमिनीवर बसून शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. तिला आवाजाची सवय होते, त्याचा अभ्यास होतो. काडीला बांधलेल्या पट्टीनं खेळवायचं कामही त्याचंच, फक्त खेळ संपला की ती काडी कपाटात बंद. दोरा गिळला तर आतड्यांना वेढे पडतात, ऑपरेशनची वेळ येते.

बोकोबा

टॉवेलवाल्या ताईंची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. मी तीन पिल्लं अगदी तशीच माणसाळवली. टॉवेलात गुंडाळायचं, डोकं तेवढं बाहेर, छातीशी धरायचं, बोटावर खाऊ चाटवायचा. चौथ्या दिवशी तिघंही खिशात शिरत होती. आज मांडीवरून उठत नाहीत. सगळं मांजरावर सोडलं तर महिने जातात.

मांजरमावशी

किती आठवड्यांची होती?

बोकोबा

पाच. फार तर सहा.

आकडेमोड

मग तुमचं दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका.

मांजराच्या पिल्लाचा माणसाशी ओळख होण्याचा हुकमी काळ म्हणजे साधारण दुसरा ते सातवा आठवडा. १९८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी यावर बरंच काम केलं. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं, सातव्यापासून हाताळलेली आणि अजिबात न हाताळलेली अशी तुलना केली, तर लवकर सुरुवात झालेली पिल्लं माणसापाशी जास्त येत, जास्त वेळ थांबत. रोज १५ मिनिटं आणि रोज ४० मिनिटं यातही फरक पडला. बोकोबांची पिल्लं याच काळात त्यांच्या हाती लागली. ताईंची हा काळ गोदामात घालवून आलीय. तिच्या लेखी माणूस म्हणजे एक मोठं, अनोळखी जनावर. पाच आठवड्यांच्या पिल्लाला टॉवेलात ऊब मिळते, साडेतीन महिन्यांचं पिल्लू त्याच टॉवेलात पकडलं जातं.

आणखी एक. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात दिसलं की बापाचा स्वभावही उतरतो. मनमिळाऊ बोक्याची पिल्लं नव्या वस्तूंना, नव्या माणसांना कमी बिचकत होती, आणि बापानं पिल्लांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तेव्हा सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

मावशींच्या खोक्यालाही आधार आहे बरं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या लोकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला. २०१४ चा शोधनिबंध. मांजरं जेमतेम १९ होती, पण फरक स्पष्ट होता.

आणि डोळे. टक लावून बघू नका. नजर गेलीच तर पापण्या हळूहळू अर्ध्या मिटा, क्षणभर ठेवा, उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या चमूनं २०२० मध्ये हे तपासलं: अनोळखी माणसानं असे डोळे मिचकावून हात पुढे केला तेव्हा, कोरा चेहरा ठेवून केला त्यापेक्षा मांजरं जास्त वेळा जवळ आली. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपल्याला म्हणीतून ठाऊक आहे, इथे डोळे मिटायचे ते आपण.

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बापाचं वाचून नवरा म्हणाला, "म्हणजे माझ्यावर खापर फुटणार नाही, हे बरं झालं."

पलंगाखाली झोपून बघितलं. मुलानं वाकून नुसतं "आई?" म्हटलं, तरी माझं डोकं वर फळीला आपटलं. मुद्दा समजला.

खोकं ठेवलंय. तिच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत सात फरशा आहेत. मी दारापाशी, सातव्या फरशीवर बसते. बशी पहिल्या फरशीवर. आज मी असताना खाल्लं नाही, पण खोक्याच्या तोंडाशी मिशा दिसल्या.

गुरांचा डॉक्टर

मी मुळात गाईगुरांचा डॉक्टर, पण मांजरंही येतात, आणि माझे हात जास्त मांजरांनीच फाडलेत.

ताई, पिल्लाच्या काळजीत तुमचे ओरखडे तसेच राहिले. ओरखडा पडला की लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारायचं. गोदामातलं पिल्लू आहे, रेबीजची लस झालीय का तेही पाहा. बरेच दिवस उलटले म्हणून आता जाऊन उपयोग नाही असं समजू नका. उद्याच जा.

पिल्लानं पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर 'लाजतेय' म्हणून थांबायचं नाही. शिंका, डोळ्यांतून पाणी, पातळ शी, हेही तसंच. लपलेल्या मांजराचं दुखणं उशिरा कळतं, म्हणून रात्री खाऊ मोजून ठेवा आणि ट्रेमधल्या गुठळ्या मोजा. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे मोजतात त्यांचं मांजर वेळेत येतं.

लस १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देत जातो. चार-आठ दिवस पुढे गेली तर आभाळ कोसळत नाही. पण कॅरिअर आजच खोलीत नेऊन ठेवा, दार काढून, आत फडकं घालून. ज्या डब्याचं झाकण वरून निघतं तो घ्या. मी अर्धी तपासणी खालच्या भागात बसलेल्या मांजरावरच उरकतो, बाहेर ओढावं लागत नाही. मान धरून उचलू नका, ते आईनं पंधरा दिवसांच्या पिल्लाला उचलण्यापुरतं ठीक. फारच बुजरी असेल तर येण्याआधी घरी द्यायचं औषध असतं, तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. स्वतःच्या डब्यातली गोळी मात्र कधीही नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरतं.

शेवटचं. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. नसबंदीचं आत्ताच बोलून ठेवा आणि तोवर खिडक्यांना जाळी. बुजरं मांजर बाहेर पळालं तर हाकेला येत नाही.

खिडकीपाशी

तीन आठवड्यांनी लिहितेय. माझी इंजेक्शनं झाली, डॉक्टरसाहेब, ओरडा खाऊन झाली.

पाचव्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा खाल्लं. मी श्वास रोखून बसले होते, आणि नेमकी मलाच शिंक आली. पुढचे दोन दिवस पुन्हा नुसत्या मिशा. नंतर मात्र बशी रोज नाही तरी दिवसाआड अर्धी फरशी पुढे येत गेली. खोकं आता पलंगाच्या बाहेर, खिडकीखाली आहे. मोकळा झालेला कोपरा उशा कोंबून बंद केला. तिनं एकदा जाऊन हुंगलं, माझ्याकडे अशी बघितली की मीच नजर चुकवली.

लस एक आठवडा पुढे ढकलली. आठ दिवस कॅरिअरमध्येच ओला खाऊ दिला, त्यामुळे त्या सकाळी ती आपणहून आत गेली आणि मी दार लावलं. तेव्हाचा तिचा चेहरा आठवला की अजून अपराधी वाटतं. झाकण काढून बसल्या जागीच लस दिली. घरी आल्यावर वाटलं, संपलं सगळं. पण सकाळच्या बशीला पाचव्या फरशीऐवजी तिसऱ्या फरशीवर आली, एवढंच.

घोळ झाला तो वेगळाच. वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. तीन दिवस. उशा उपसून कोपऱ्यात. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मांजराला ८५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं वाचलं, आपल्याला फार तर २० हजार. आपल्याला नुसतं ड्रिल ऐकू येत होतं, तिला त्यात आणखी काय काय ऐकू येत असेल कोण जाणे. मी पुन्हा सातव्या फरशीवर, बशी पहिल्या. गंमत म्हणजे मागच्या वेळी जिथे यायला दोन आठवडे लागले, तिथे या वेळी चार दिवसांत आली. मावशी, मागे नेण्यात कमीपणा नाही हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या तीन दिवसांत हात टेकले असते.

बहीण येऊन गेली. दारातून बघून म्हणाली, "मी असते तर एव्हाना मांडीवर असती." मी म्हटलं, असेल. वादात पडले नाही.

परवा चमचा चाटून झाल्यावर माझं बोट हुंगलं. नाक गार होतं. गाल घासला नाही, हुंगलं आणि गेली. मी बोट तसंच धरून बराच वेळ बसून होते, नवरा म्हणाला आता खाली घे, पडून जाईल.

मांजरमावशी

शाब्बास. चमचा अजून आठवडाभर सोडू नका.

बोकोबा

तुमच्या बहिणीला इथे पाठवा, आम्ही दोघं मिळून किल्ला लढवतो.

खिडकीपाशी

अडीच महिने झाले, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

नसबंदी झाली. शेपटी उभी करून दारापर्यंत येते. गाल घासते, हनुवटी खाजवून घेते, चौथ्यांदा हात लावला की उठून जाते, तिनंच मोजून ठेवलंय. उचलून घेतलेलं चालत नाही आणि मीही आता घेत नाही. पाहुणे आले की खोक्यात. मांडीवर एकदाच बसली, तेही मी मांडीवर तिचं फडकं घेतलं होतं म्हणून, अर्धा मिनिट.

मुलगा अजून रोज तिच्यापाशी बसून वाचतो. काल धड्याच्या मध्येच थांबून पेन शोधायला लागला, तर ती खोक्यातून बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसून बघत राहिली. त्यानं पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा आत गेली.

नाव ठेवलेलं नाही. 'भाडेकरू' म्हटलं की कान वळतो, आता बदलणं बरं दिसत नाही.

सोमवारपासून बाकीचं घर उघडणार आहे. दिवसाला एक खोली.

आळशीबोका

फ्रिजच्या मागची जागा बंद केलीत ना?